दारी उभा पाहुणा

आपल्याकडे दारी आलेल्या माणसाला आधी 'या' म्हणायची रीत आहे. पाण्याचा तांब्या पुढे करावा, बसायला सांगावे, आणि काम काय ते मागाहून विचारावे. माझ्या लॅपटॉपला ही रीत अर्धीच ठाऊक होती. त्याच्या दाराशी माऊस आला की तो लगेच 'या' म्हणे. कीबोर्ड आला तरी 'या'. मोबाईल जोडला तर त्यातले फोटोसुद्धा उघडून दाखवी. पण पेनड्राइव्ह आला, की हा आपला गप्प! 'नाही' म्हणायचा नाही, 'खराब आहे' म्हणायचा नाही, कसली सूचना द्यायचा नाही. दारात कोणी आलेच नाही, असा चेहरा करून बसून राहायचा.

हा लॅपटॉप मी राजारामपुरीतल्या एका दुकानातून जुना घेतला. दिवाळीनंतरच्या हंगामात मामाच्या गुऱ्हाळावर हिशेब लिहून चार पैसे जमले होते, त्यांत नवा येणे शक्य नव्हते. कोणत्या तरी कचेरीने वापरून मोडीत काढलेल्या लॅपटॉपांपैकी हा एक. दुकानदाराने त्यावर माझ्या नावाचे खाते उघडून दिले, पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाला, "भावा, ह्यात लिनक्स हाय. फुकट असतंय, पण पळतंय झकास." मी मान डोलावली. लिनक्स म्हणजे काय हे विचारण्याची लाज वाटली. कला शाखेच्या विद्यार्थ्याने यंत्राबद्दल काही विचारू नये, असा माझा तेव्हा एक गोड गैरसमज होता.

पुढे वाचले तेव्हा गंमत वाटली. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांना खुला करून दिला. ज्याला हवे त्याने वाचावे, दुरुस्त करावे, वाटावे. यूएसबीची गोष्टही अशीच जवळची निघाली. पूर्वी संगणकाला माऊससाठी एक, छपाईयंत्रासाठी दुसरे आणि इतर वस्तूंसाठी तिसरे अशी वेगवेगळी तोंडे असत. ती सगळी जाऊन एकच तोंड असावे यासाठी ज्या मंडळींनी खटपट केली, त्यांत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. १९९६ साली यूएसबीचे पहिले प्रमाण ठरले. त्यातला 'यू' म्हणजे युनिव्हर्सल, सार्वत्रिक. सर्वांसाठी एकच दार! आणि माझ्या लॅपटॉपचे दार मात्र माणसे पाहून उघडत होते.

वर्षभर मला त्याची फारशी झळ लागली नाही. निबंध ई-मेलने पाठवीत होतो. एकदोनदा मित्राचा पेनड्राइव्ह लावून पाहिला, दिसला नाही, तेव्हा "तुझा पेनड्राइव्हच भंगार आहे" असे त्याला सुनावून मोकळा झालो. त्यानेही बिचाऱ्याने ते मान्य केले. आज या ओळींतून त्याची क्षमा मागतो.

खरी अडचण आली ती लोकसाहित्याच्या प्रकल्पात. जात्यावरच्या ओव्यांवर लिहायचे मी ठरवले होते. सरांनी वर्गात हेमा राईरकर आणि गी पॉयटव्हँ या दोघांच्या कामाविषयी सांगितले होते. गावोगाव हिंडून, बायकांच्या तोंडून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी गोळा केल्या. तो आकडा ऐकून वर्ग गार पडला. सर म्हणाले, "लाखाचे राहू द्या. तुम्ही प्रत्येकाने आपल्या घरातल्या दहा आणा." विभागाचा एक छोटा रेकॉर्डर होता, तो आम्हांला आळीपाळीने मिळे. परत देताना आपले ध्वनिमुद्रण उतरवून घ्यायचे आणि पुढच्यासाठी रेकॉर्डर पुसून द्यायचा, असा शिरस्ता.

आमचे गाव गारगोटीच्या पलीकडे. २०२४ च्या जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीतच मी गावी गेलो आणि आजीपुढे रेकॉर्डर ठेवला. ती म्हणाली, "आसं नुसतं बसून ओवी येत न्हाई रं. खुट्ट्याला हात लागाय पायजे." मग सोप्याच्या कोपऱ्यात, खताच्या पोत्यांमागे पडलेले जाते ओढून काढले, पुसले, आणि आजी रिकामेच जाते फिरवीत बसली. त्या घरघरीबरोबर तिचा आवाज लागला. एक्केचाळीस मिनिटे मुद्रण झाले. मी खूष होऊन कोल्हापूरला परतलो. उतरवून घेणे राहिलेच, कारण परीक्षेचे अर्ज, मेसचे भांडण, आणि नेहमीचा तो 'करू की उद्या'!

जुलै उजाडला आणि पाऊस लागला. शेवटच्या आठवड्यात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. ज्यांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत, त्यांना हा आकडा नुसता आकडा वाटत नाही. खोलीतले दोघे सोबती वेळेवर गावी निघून गेले होते. गावाकडचा रस्ता बंद झाल्याने मी मात्र अडकलो. मंगळवार पेठेतल्या त्या खोलीत मी, लॅपटॉप, रेकॉर्डर आणि कौलांवरचा पाऊस, एवढेच उरलो.

अशात वडिलांचा फोन आला. आजी गोठ्याजवळ घसरून पडली होती. हाड मोडले नव्हते. पण डोक्याला मार बसला होता, ताप चढला होता आणि ती असंबद्ध बोलत होती. मला हाक मारून वडिलांना बोलावत होती, वडिलांना तिच्या भावाच्या नावाने. "तू येऊ नकोस, वाटेत पाणी हाय," वडील म्हणाले. फोन ठेवल्यावर माझ्या मनात जो पहिला विचार आला तो आजीच्या दुखण्याचा नव्हता, तो त्या एक्केचाळीस मिनिटांचा होता, हे मला इथे कबूल केले पाहिजे. आता तेवढेच उरले असेल तर? पूर ओसरून कॉलेज उघडले की रेकॉर्डर परत द्यायचा होता. पुढचा विद्यार्थी थांबला होता.

मी रेकॉर्डर लॅपटॉपला जोडला. रेकॉर्डरच्या चिमुकल्या पडद्यावर वीज भरत असल्याची खूण उमटली. लॅपटॉप गप्प.

मग सुरू झाला आमचा आंधळा उद्योग. डावीकडचे तोंड सोडून उजवीकडचे पाहिले. फुंकर मारली. जुन्या दातांच्या ब्रशने धूळ काढली. यंत्र बंद करून चालू केले. अंबाबाईला हात जोडले. माझी खात्री झाली की तोंडेच गेली. परंतु त्याच तोंडाला माऊस लावला की तो चाले. म्हणजे तोंड जिवंत आणि पाहुणाही जिवंत, पण दोघांची बोलाचाल नाही.

शेवटी पुण्याला संगणकाच्या नोकरीत असलेल्या मामेभावाला फोन केला. त्याला मी दादा म्हणतो. माझे सगळे निदान सांगून झाले तेव्हा त्याने एकच प्रश्न केला, "तू लॅपटॉपला विचारलंस का?"

"काय विचारायचं?"

"की बाबा, तुला काय दिसतंय? तू मघापासून आपल्याच मनानं ठरवतोयस. तोंड खराब, तार खराब, नशीब खराब. लिनक्स सगळं टिपून ठेवतं. आधी विचार, मग ठरव."

पहिली शंका तारेची. साध्या यूएसबी तारेच्या आत चार बारीक तारा असतात. दोन विजेच्या, दोन माहितीच्या. नुसत्या चार्जिंगसाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त तारांत कधी कधी विजेच्या दोनच असतात. मग दिवा लागतो, पण बोलणे होत नाही. रेकॉर्डरचे आणि माझ्या मोबाईलचे तोंड सारखेच होते. ज्या तारेने मोबाईलमधले फोटो दिसत, तीच तार रेकॉर्डरला लावली. तरी गप्प. म्हणजे तार निर्दोष.

"आता काळी खिडकी उघड," दादा म्हणाला. टर्मिनल नावाची ती खिडकी मी तोवर कधी उघडली नव्हती. त्याने सांगितलेली अक्षरे एकेक करून टाईप केली: 'एलएसयूएसबी'. जोडलेल्या वस्तूंची यादी दाखवण्याची ही आज्ञा. पडद्यावर काही ओळी उतरल्या आणि मी उडालोच. त्या यादीत रेकॉर्डरचे नाव होते! बनवणाऱ्या कंपनीसकट, क्रमांकासकट. लॅपटॉपला पाहुणा दिसत होता. पहिल्या दिवसापासून दिसत होता. मित्राचा तो 'भंगार' पेनड्राइव्हही त्याला दिसला असणार.

दादाने मग समजावून सांगितले. वस्तू जोडली की यंत्र तिला आधी एक क्रमांक देते आणि तिचे नावगाव विचारते. वस्तू आपली ओळख देते: मला कोणी बनवले, मी कोण, माझा वर्ग कोणता. माऊस-कीबोर्डचा वर्ग तिसरा. पेनड्राइव्हसारख्या साठवणीच्या वस्तूंचा आठवा. मोबाईल फोटो देताना आणखी वेगळ्याच वर्गाने येतो. त्या त्या वर्गाची सरबराई करायला यंत्रात वेगवेगळा कारभारी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याच आज्ञेपुढे एक अक्षर वाढवून दिले, तेव्हा पाहुण्यांच्या नावासमोर कारभाऱ्यांची नावे आली. माऊसपुढे नाव होते. रेकॉर्डरपुढची जागा रिकामी होती.

"कारभारी झोपलाय," मी म्हटले.

"मग उठव. 'मॉडप्रोब यूएसबी-स्टोरेज' असं दे."

दिले. पडद्यावर काही उमटले नाही. दादा म्हणाला, "काही बोललं नाही म्हणजे काम झालं. लिनक्समध्ये तक्रार असली तरच आवाज येतो." पण हजेरी घेतली तर कारभाऱ्याचे नाव नाहीच. पुन्हा उठवले. पुन्हा निमूट होकार, आणि पुन्हा गैरहजर. पलीकडे दादाही क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "हा लॅपटॉप कचेरीतला म्हणालास ना? मग कुणीतरी सांगून ठेवलेलं दिसतंय."

त्याने मला यंत्राच्या नियमांच्या फायली ठेवलेल्या कप्प्यात नेले. कोण आपोआप यावे, कोण येऊ नये, हे तिथे साध्या अक्षरांत लिहून ठेवता येते. एका फाईलमध्ये एकच ओळ होती. तिचा मराठीत अर्थ असा, की कोणी यूएसबी-स्टोरेजला बोलावू लागला तर त्याच्याऐवजी 'ट्रू' नावाचा प्रोग्राम चालव. हा 'ट्रू' एक अजब प्राणी आहे. तो काहीही करत नाही. आला की 'झाले' म्हणतो आणि निघून जातो. सरकारी टेबलावर हेलपाटे घातलेल्या माणसाला त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको! आम्ही कारभाऱ्याला हाक मारत होतो आणि दर वेळी हा मधल्या मधे 'झाले' म्हणत होता.

"हे चूक नाही बरं का," दादा म्हणाला. "पुष्कळ कचेऱ्या मुद्दाम असं करतात. कुणी पेनड्राइव्हवरून कागदपत्रं पळवू नयेत, कुणाच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊ नये म्हणून. माऊस चालू द्यायचा, साठवणीच्या वस्तू बंद." कचेरी गेली, तिथला माणूस गेला, जपायचे ते कागदही गेले. दुकानदाराने वर माझे नाव चढवले. आत मात्र ती एक ओळ इमानाने पहारा देत राहिली होती. आपल्या धन्याचे दुकान कधीच उठले, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

त्या ओळीच्या आरंभी मी एक फुलीजाळीची खूण घातली. ही खूण असलेली ओळ यंत्र पाळत नाही, नुसती ठेवून देते. पुसून टाकण्यापेक्षा हे बरे, असे दादा म्हणाला. काय बदलले ते पुढच्याला कळते. कारभाऱ्याला पुन्हा हाक मारली. रेकॉर्डर जोडलेलाच होता. दोनएक सेकंदांत पडद्यावर त्याचे चित्र आले. मी आजीची फाईल आधी लॅपटॉपवर उतरवली, मग लगेच ई-मेलने स्वतःलाच पाठवली, आणि मगच श्वास सोडला.

इथे ही हकीकत संपायला हरकत नव्हती. पण रात्री, वीज गेलेली असताना, बॅटरीवर मी ते मुद्रण पहिल्यांदाच पूर्ण ऐकले.

जात्याची घरघर. आजीची ओवी. मग आजी थांबून म्हणते, "गिरण आली तवा काय झालं म्हाईत हाय का..." आणि लगेच माझा आवाज, घाईचा, शहाणा: "आजी, ते नको. ओवी म्हण." पुन्हा घरघर. थोड्या वेळाने ती म्हणते, "माझी थोरली जाऊ दळताना..." माझा आवाज: "ओवी आहे का तिची?" ती म्हणते, "ओवी न्हाई, पर..." "मग राहू दे." असे चार वेळा. एक्केचाळीस मिनिटांत ओव्या अकरा. चार वेळा ती काही सांगायला आली होती आणि चार वेळा मी तिला दारातून परत पाठवले होते. ती दिसत नव्हती असे नाही. समोरच बसली होती. माझ्या यादीत तिचे नाव होते, तिच्यापुढे कारभारी नव्हता.

त्यातही दैवाची थट्टा अशी, की माझ्या प्रकल्पाचा शेवटचा प्रश्न होता, 'जात्यावरची ओवी का थांबली?' त्यासाठी मी ग्रंथालयात तीन पुस्तके चाळली होती. पिठाची गिरणी आल्यावर दळण घराबाहेर गेले, पहाटेचे एकत्र बसणे गेले आणि त्याबरोबर ओवी गेली, असे उत्तर टिपून ठेवले होते. गिरणी आली त्या दिवशी जी बाई जात्याशी बसली होती, ती ते आपल्या तोंडाने सांगत होती, आणि मी तिला म्हणत होतो, ते नको. 'ओवी तेवढी खरी, बाकी बडबड' ही ओळ माझ्या डोक्यात कोणी लिहून ठेवली होती कोण जाणे. शाळेत असेल, पुस्तकांत असेल, गुणांच्या लोभात असेल. ती लिहिली गेली तेव्हा तिचेही काही कारण असेल. पण ती तिथे आहे हे मला ठाऊकच नव्हते, आणि दर वेळी आतून मला 'झाले, झाले' असेच ऐकू येत होते.

पाणी उतरले, रस्ता सुरू झाला, तशी मी पहिली एस.टी. पकडली. आजीचा ताप गेला होता, माणसे ओळखत होती, पण बोलताना मधेच वाट चुकत होती. सोप्यात तिच्याजवळ बसलो. रेकॉर्डर पुढच्या विद्यार्थ्याकडे गेला होता. म्हटले, "आजी, गिरण आली तेव्हा काय झालं? तू सांगणार होतीस."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. "कुठली गिरण रं?"

"आपल्या गावातली. पिठाची."

"हाय की गिरण. जा, दळण दिऊन ये." ती एवढेच म्हणाली.

मी पुन्हा विचारले नाही. ते निसटले होते. लॅपटॉपमधली ओळ खूण घालून थांबवता आली आणि पाहुणा तसाच दारात उभा होता, यंत्राची तेवढी एक मोठी सोय. माणसाचा पाहुणा तिष्ठत राहत नाही.

पण थोड्या वेळाने आजी आपणहून बोलू लागली. गिरणीचे नाही, ओवीचेही नाही. तिच्या माहेरच्या एका काळ्या म्हशीचे, जी वेदगंगेच्या पुरात वाहून गेली आणि तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. माझ्या प्रकल्पात तिचा काही उपयोग नव्हता. मधेच ती थांबली आणि सवयीने म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुला ओवी पायजे आसंल."

"नाही आजी," मी म्हटले, "म्हशीचंच सांग."

"मग सांगतो की," ती म्हणाली, आणि पाय पसरून नीट बसली.